बिनवायरच्या ड्रिलला वायर

४ जानेवारी

भाऊजी,

अत्यंत दुःखाने कळवते की आमच्या टीव्हीचा रिमोट वारला. मरणसमयी तो ठणठणीत होता. कसलीही कुरकुर नव्हती, दुखणं नव्हतं. तुमच्या दादांनी दिवसाढवळ्या त्याचं पोट उघडलं, सेल बसतात तिथल्या बारक्या स्प्रिंगा काढून घेतल्या आणि उरलेला देह माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जपून ठेव, बाकीचा चांगला आहे." दिवसभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आलेल्या बाईने संध्याकाळी चॅनेल बदलायला उठायचं का, हा प्रश्न मी घरात मांडला. घरात आम्ही दोघंच. मतं एकास एक पडली. तेव्हापासून मी एकच चॅनेल पाहते आहे. त्यावर एक गृहस्थ रोज गांडूळखताविषयी बोलतात. आता मला गांडुळांचे चेहरे ओळखू यायला लागले आहेत.

स्प्रिंग कशाला हवी होती, ते सांगते. तुमचे दादा घरी ड्रिल बनवताहेत. बॅटरीवर चालणारं, बिनवायरचं. बाजारात मिळतं ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. तर उत्तर मिळालं, "बाजारातलं ड्रिल बाजाराच्या हातासाठी असतं." असली वाक्यं माझ्या टेबलावर रोज छापायला येतात आणि मी त्यांना लाल रेघ मारते. पण ह्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता, म्हणून रेघ मारली नाही.

तुमच्या दादांचे हात थरथरतात. आधी उजवा अंगठा थरथरायचा. पान उलटताना, गुंडी लावताना. आम्ही दोघांनीही तो पाहिला नाही असं ठरवलं. मग मनगट. डावाही मागे राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात. गोळ्यांनी थांबणार नाही, फक्त सावकाश येईल. त्यावर हे म्हणाले, "म्हणजे येणार हे नक्की, पण बैलगाडीने." डॉक्टर हसले, मीही हसले. परत येताना जिन्यात थांबून ह्यांनी मला बजावलं, "त्याला कळवायचं नाही." आमच्या घरात 'तो' म्हटलं की तुम्हीच. आपल्या सुतारकामाच्या दुकानात गिऱ्हाईकासमोर ह्यांनी तुम्ही बसवलेलं दार उतरवून पुन्हा बसवलं आणि तुम्ही पानावरून उठून गेलात, त्या दिवसापासून ह्या घरात तुम्हाला नाव नाही, सर्वनाम आहे.

तेव्हा हे पत्र चोरून लिहिते आहे. तुमचा नंबर आमच्याकडे नाही. कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्यात आहात, एवढं लाकडाच्या वखारवाल्याने सांगितलं, म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर टाकते. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, असं लिहिण्याची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. उत्तर द्या. उत्तर छापखान्याच्या पत्त्यावर द्या.

तुमची वहिनी

१९ जानेवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. भिंतीशी बोलायची मला सवय आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली.

ड्रिलचं सांगते. भंगारवाल्याकडून ह्यांनी एक मोटर आणली आहे. लहान मुलं आत बसून चालवतात त्या खेळण्यातल्या गाडीची. तिच्यावरच्या अधिक-उण्याच्या खुणा गंजाने खाल्ल्यात. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडून आतले सेल काढलेत. त्यातले निम्मे अजून जिवंत आहेत असा ह्यांचा दावा आहे. टोक धरणारा पुढचा जबडा आपल्या दुकानातल्या जुन्या वायरवाल्या ड्रिलचा. ज्याच्या मुठीवर तुम्ही चिकटपट्टी गुंडाळली होती, तेच. आणि ह्या सगळ्याला घर म्हणून सागवानाची पेटी. दोन्ही बाजूंना दोन मुठी. तिच्या पोटात शिशाचे तुकडे भरलेत, कारण जड वस्तू हातात असली की हात कमी हलतो म्हणे. दिसायला ते ड्रिल वाटत नाही. कोणाच्या तरी अस्थी न्यायला केलेली सुबक पेटी वाटते. हे मी बोलून दाखवलं. हे म्हणाले, "अस्थींना पॉलिश लागत नाही, ह्याला लागेल."

खरी अडचण बटणाची आहे. दुकानात जाऊन आम्ही नवीन ड्रिल हातात घेऊन पाहिलं होतं. त्याचं बटण असं की जेवढं दाबाल तेवढा वेग. बोट थरथरलं की ड्रिललाही थरथर. घर्र, थांब, घर्र, थांब. उचकी लागल्यासारखं. दुकानदार म्हणाला, "काका, घट्ट धरा ना." हे म्हणाले, "धरलंय की." आम्ही बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडून उसाचा रस पिणाऱ्यांसारखे उगाचच एका सावलीत उभे राहिलो.

म्हणून आमच्या ड्रिलला बटण फक्त चालू नाहीतर बंद. पहिल्यांदा ते तर्जनीखाली होतं. तर्जनी ऐकेना म्हणून अंगठ्याखाली आलं. अंगठ्यासाठी लाकूड कोरून झालं, तेवढ्यात अंगठाही बेइमान निघाला. मग ते कोपराने दाबायची पट्टी झाली. कोपराने दाबलं की सगळी पेटीच हलते. आता शेवटी ते पायात आलं आहे. जमिनीवर एक बटण, त्यात माझ्या रिमोटच्या स्प्रिंगा, आणि तिथून ड्रिलपर्यंत लांबलचक वायर. मी म्हटलं, "बिनवायरच्या ड्रिलला वायर?" हे म्हणाले, "भिंतीत तर जात नाही ना? मग बिनवायरच."

बघा, असं चाललंय. ड्रिल एक पाऊल पुढे टाकतं, आजार दोन टाकतो. मी मध्ये उभी राहून हिशेब लावते, आणि मला गणित कधीच आलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर कपाटासाठी. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी दोन दारांचं कपाट सांगितलं होतं. सांगाडा झाला तेव्हा हात धड होते. दारं राहिली. बिजागऱ्यांची भोकं तेवढी पाडायची आहेत. बाई सज्जन आहेत, एकदाही विचारत नाहीत. त्याचाच ह्यांना त्रास होतो. "दुसरा सुतार बोलावू का?" असं मी एकदा, फक्त एकदा विचारलं. "माझ्या कपाटाला परक्याची बिजागरी?" असं म्हणून हे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. ती दोन दारं स्वतःच्या हातांनी बसवायची, मग दुकान बंद केलं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. नाही बसली तर काय, ते हे सांगत नाहीत. मी विचारतही नाही.

माझा फोन सारखा ह्यांच्याकडे असतो. ड्रिल कसं बनवावं ह्याचे व्हिडिओ बघतात. आम्हा दोघांनाही न कळणाऱ्या भाषेत. तो माणूस हात न थरथरता सगळं जोडतो आणि शेवटी हसतो. हे आवाज बंद करून फक्त त्याचे हात बघतात.

वहिनी

२ फेब्रुवारी

भाऊजी,

काल आमच्या ड्रिलचा उद्घाटन समारंभ पार पडला. प्रमुख पाहुणे कोणी नव्हते, ते एक बरंच झालं.

तारा सोल्डर करायचं, म्हणजे कथलाचे डाग देऊन जोडायचं काम माझ्याकडे होतं. ह्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. टेबलावरच्या कापडाला दोन भोकं पडली, तारेला एकही डाग बसला नाही. मग सोल्डरचं तापलेलं आयर्न माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे. आयुष्यभर लोकांच्या ओळींवर रेघा मारल्यास." हे कौतुक होतं की काय ते मी शोधत बसले नाही. टेबलाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला हे, मध्ये उघडी पेटी. हे सांगत गेले, मी जोडत गेले. "लाल उजवीकडे. काळी डावीकडे. जरा धूर निघू दे. घाबरतेस काय, सासू नाही ती." मी इतकं सोल्डर ओतलं की सोल्डरच्या तारेचं आख्खं रीळ संपलं. प्रत्येक डागाचं वारूळ झालं आहे. पण जोडलं. हे वाकून बघत होते, आणि खरं सांगू का, भाऊजी, तेवढा वेळ मला फार बरं वाटलं. आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो, आणि त्यात कोणीही आजारी नव्हतं.

मग कपाटाचं दार टेबलावर आडवं घातलं. हे दोन्ही मुठी धरून उभे राहिले, छाती पेटीवर टेकवली, पायाने बटण दाबलं. फिरलं! मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

वाजवल्या नाहीत. ड्रिल फिरत होतं, आवाज करत होतं, आणि लाकडात जात नव्हतं. हे जोर लावत होते. मानेच्या शिरा फुगल्या. टोकाशी धूर निघाला, लाकूड काळं पडलं, जळका वास आला. ह्यांनी पाय काढला, टोक बदललं, नवं लावलं. पुन्हा तेच. भुसा म्हणून कणभर निघाला नाही. नुसता एक काळा, गुळगुळीत डाग, कोणी सिगारेट विझवल्यासारखा.

"टोक बोथट असेल," मी म्हटलं.

"नवं आहे."

"मग बॅटरी कमी असेल."

"आवाज ऐकलास ना? बॅटरी भरलेली आहे." ह्यांनी पेटी खाली ठेवली. हळूच ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. मग हात पुढे धरून दोन्हीकडून पाहिले, दुसऱ्याने वापरायला नेऊन मोडून परत आणलेल्या हत्याराकडे पाहावं तसे. "जोरच उरला नाही," म्हणाले. "थरथर चालली असती. जोरच गेला."

"एकदा अजून..."

"नाही."

आवाज अगदी साधा होता. रागावले असते तर मी भांडले असते. भांडण मला येतं. ह्याच्यावर काय करायचं ते मला येत नाही.

वहिनी

१३ फेब्रुवारी

भाऊजी,

थोडक्यात लिहिते.

हे रोज सकाळी दुकान उघडतात, खुर्ची टाकून बसतात, संध्याकाळी बंद करतात. मधल्या वेळात काही करत नाहीत. काल एका जुनी हत्यारं विकत घेणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने रंधे हातात घेऊन पाहिले, पटाशा पाहिल्या. "हे सगळे द्या, बाकीचं भंगारात," म्हणाला. हे म्हणाले, "बघतो." एवढ्यावर तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे.

मी बोलून पाहिलं. चिडून पाहिलं. विनोद करून पाहिले. माझे विनोद आजकाल ह्यांच्या अंगावर पाण्यासारखे पडतात आणि ओघळून जातात. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळी वाढवली. छापखान्यात माझ्या हातून एका पुस्तकात एकच पान दोनदा छापलं गेलं. मालक म्हणाले, "तुमच्या नजरेतून सुटलं म्हणजे कमाल आहे." कमाल कसली. पानाकडे पाहत होते, दिसत नव्हतं.

तुम्ही उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंच असेल तर निदान शिव्या घालायला तरी दोन ओळी लिहा. त्या मी ह्यांना वाचून दाखवीन. रागावले तरी काहीतरी होईल.

वहिनी

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. छापखान्याच्या शिपायाने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि स्वतःच वाचून म्हणाला, "बाई, हे काय, ड्रिल उलटं फिरतंय?"

मी तीनदा वाचलं. "वहिनी, ड्रिल उलटं फिरतंय. दुकानात उजवं म्हणजे दादाचं उजवं. मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा." ना नमस्कार, ना खुशाली. एवढ्या वर्षांनी लिहिलेल्या पत्रात एवढी काटकसर माझ्या छापखान्यातला एकही कवी करणार नाही.

आता मला सगळं दिसतं आहे. तुम्ही दोघं नेहमी फळीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून काम करायचात. "उजवीकडे सरकव" असं हे म्हणाले की तुम्ही न चुकता डावीकडे सरकवायचात, आणि गिऱ्हाइकं गोंधळायची. कोणी तुम्हाला ते शिकवलं नव्हतं. तुम्ही ह्यांच्या समोर उभे राहून लहानाचे मोठे झालात. मी टेबलाच्या पलीकडे बसले आणि लाल तार माझ्या उजवीकडे जोडली. शहाणी बाई.

पण भाऊजी, ह्यांना कसं कळलं नाही? उलट्या फिरणाऱ्या ड्रिलचा धूर ह्यांनी रस्त्यापलीकडून ओळखला असता. आपल्या दुकानात कामाला आलेल्या एखाद्याने असं केलं असतं तर "अरे गाढवा, उलटं फिरतंय ते" असं हे ओरडले असते. ह्या वेळी ह्यांनी ड्रिलकडे पाहिलंच नाही, सरळ हातांकडे पाहिलं. गेले सहा महिने घरात काहीही बिघडलं की हात. दूध सांडलं, हात. कडी लागली नाही, हात. कडी मुळातच वाकडी होती.

मग मी काय केलं ते सांगते आणि तुम्ही मला मूर्ख म्हणा. ह्यांना खरं कारण सांगायचं, तर तुमचं कार्ड दाखवावं लागलं असतं. म्हणजे मी चोरून लिहिते आहे हे सांगावं लागलं असतं. ते मला नको होतं. आमच्याकडे सोल्डरची तार संपली होती. खाली रेडिओ दुरुस्त करणारा एक आहे. त्याच्या दुकानातून सदोदित खरखर येत असते, म्हणून सगळे त्याला खरखरच म्हणतात. त्याच्याकडे वीतभर तार मागितली. "आता काय उडवताय वहिनी?" म्हणून त्याने हातभर दिली. हे आंघोळीला गेले. हल्ली ह्यांना आंघोळीला वेळ लागतो, आणि दार आतून लावायचं नाही असं ठरलं आहे. मी पेटी उघडली, माझी दोन वारुळं वितळवली, तारा बदलल्या, पेटी बंद केली. हात पुसले. मग बाहेर येऊन बसले आणि गांडुळं पाहू लागले.

दुपारी म्हटलं, "एकदा शेवटचं बघा ना. उद्या तो हत्यारंवाला यायचा आहे, मग राहायचं."

"कशाला?"

"माझ्यासाठी." हा शब्द मी फारसा वापरत नाही. वापरला की चालतो.

ह्यांनी छाती टेकवली, पाय दाबला, आणि भाऊजी, भुसा! पिवळा, कुरळा, खरा भुसा! भोक आरपार गेलं. हे दचकून मागे झाले. मग त्यांनी दुसरं पाडलं, तिसरं पाडलं. एका दाराची सगळी. थरथर होतीच, पण पेटी जड, आणि छातीचा भार, त्यामुळे भोकं जिथल्या तिथे पडली. हे माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या भुवयांवर भुसा होता.

"आला!" म्हणाले. "जोर परत आला!"

मी काय म्हणायला हवं होतं?

मी "हो" म्हटलं.

वहिनी

३ मार्च

भाऊजी,

त्या "हो"ने आमच्या घरात काय केलं ते ऐका. हत्यारंवाल्याला ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. पहिलं दार बिजागऱ्यांवर चढवलं. मी धरलं होतं, स्क्रू ह्यांनी फिरवले, तास लागला. दार बंद झालं तेव्हा जो बारीक, भरलेला आवाज येतो, तो आला. हे तोच आवाज ऐकायला ते पुन्हापुन्हा उघडत होते. मग शाळेच्या बाईंना बोलावून दाखवलं. बाई "वा" म्हणाल्या, आणि त्या भरात ह्यांनी त्यांच्याकडून पुस्तकांच्या कपाटाचं काम घेतलं. भिंतभर! किती फळ्या, किती खुंट्या, सगळं तोंडी ठरलं. शीळ घालत होते. रात्री जेवताना म्हणाले, "डॉक्टरला सांगू या, एक गोळी कमी करून बघ."

तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवला. निराशेत होते तेव्हा निदान खोटं माझं नव्हतं. ही आशा मात्र मी सोल्डर मारून जोडलेली होती.

सकाळी चहाला सांगितलं. "पहिल्यांदा धूर झाला ना, तेव्हा ड्रिल उलटं फिरत होतं. तारा मी उलट्या जोडल्या होत्या. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा सुलट केल्या."

हे चहात साखर ढवळत होते. ढवळत राहिले. हल्ली तो आपोआपच ढवळला जातो.

"तुला कोणी सांगितलं?" म्हणाले. "तुझं तुला कळणं शक्य नाही. तू ड्रिलचं तोंड कुठलं हे मला विचारतेस."

मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"त्याला कळवलंस."

"हो."

"काय काय?"

"सगळं."

"मी नको म्हटलं होतं."

"तुम्ही पुष्कळ गोष्टी नको म्हणता. गोळ्यासुद्धा."

मी कार्ड पुढे केलं. हातात घेऊन वाचता येईना, अक्षरं नाचत होती. तेव्हा त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चमच्याने एक कोपरा दाबला आणि वाकून वाचलं. एवढ्याशा मजकुराला फार वेळ लावला. मग उलटून पाहिलं. मागे फक्त पत्ता.

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

"तब्येतीचं काही विचारलं नाही?"

"नाही."

"बरं केलं," म्हणाले. मग कार्ड पुन्हा सुलटं करून, "म्हणजे जोर गेलाही नव्हता आणि आलाही नव्हता. जेवढा होता तेवढाच आहे."

"हो."

"आणि कमी होत जाणार."

ह्यांनी माझा फोन मागितला आणि बाईंना लावला. बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर पडलं. मी हात पुढे केला नाही, मांडीखाली दाबून धरला. "बाई, ते पुस्तकांच्या कपाटाचं राहू द्या," हे म्हणाले, छान मोकळ्या आवाजात. "नाही, नाही, तसं काही नाही. लाकूड चांगलं मिळत नाही हल्ली." फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, दुसरं दार घेऊ. ते तर कबूल केलंय."

दुसरं दार टेबलावर घातलं. छाती टेकवली. पायाने बटण दाबलं. घर्र. थांबलं. घर्र. थांबलं. मला वाटलं सोल्डर सुटलं, पुन्हा माझीच चूक. मी देवाची, तुमची, कोणाचीही शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी मी मनातून विनवलं की चूक माझीच असू दे. मी खाली वाकून पाहिलं. तार जिथल्या तिथे होती. ह्यांचं पाऊल बटणावर थरथरत होतं.

ह्यांनीही खाली पाहिलं. ओळखीचा माणूस भलत्याच गावात भेटावा, तसं.

"अगं, हा इथेही आला," म्हणाले.

"मी दाबते पायाने. तुम्ही धरा." मी चप्पल काढली, बटणापाशी उभी राहिले. "दाब," हे म्हणाले, मी दाबलं. "सोड." मी सोडलं. "दाब." पहिलं भोक बरं पडलं. दुसऱ्याला त्यांनी "सोड" म्हटलं आणि मी सोडेपर्यंत जो एक क्षण गेला, तेवढ्यात टोक सरकलं. कडेचा ढलपा उडाला. ह्यांनी त्या ढलप्याच्या जागेवर बोट फिरवलं, तुम्ही ते बोट ओळखता. पेटी टेबलावर ठेवली, बॅटरी काढली, तोंडातलं टोक सोडवून पुसून डबीत ठेवलं. काम संपल्यावर ठेवतात तसं.

"कोणाला तरी बोलावू का?" मी विचारलं. मागच्या वेळी ह्या प्रश्नाला दोन दिवसांचा अबोला मिळाला होता, म्हणून दाराजवळ उभी राहून विचारलं.

"बघ," म्हणाले.

नुसतं 'बघ'. माझा धंदा शब्दांचा आहे, पण ह्या शब्दाचा अर्थ मला विचारू नका. मी तो जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवते. कपाट दुकानात आहे. एक दार लागलं आहे, दुसरं भिंतीला टेकून उभं आहे, ढलपा उडालेली बाजू आतल्या अंगाला करून. बाईंना घाई नाही. मी तुम्हाला या म्हणत नाही. या म्हणण्याचा हक्क मी वापरला आणि तुम्ही नाही आलात, तर मग माझ्याकडे काहीच उरणार नाही. ह्यांनी पायाचं बटण उघडून ठेवलं आहे आणि ते आता हनुवटीने दाबता येईल का, ह्याचं चित्र काढत बसले आहेत. मी चित्र पाहिलं. चांगलं आहे. पेन्सिलीच्या रेघा सगळ्या नागमोडी आहेत.

आज छापखान्यातून येताना सोल्डरच्या तारेचं एक रीळ घेतलं. खरखर दुकानात नव्हता, चहाला गेला असावा. त्याच्या काउंटरवर उघड्या पडलेल्या रेडिओशेजारी ते ठेवलं, आणि वर आले.

वहिनी